राहतं घर, चालतं यंत्र

या पुस्तकातलं पहिलंच यंत्र हलवायचं तर दोन माणसं लागतात, आणि दोघांनाही आधी ‘कंबर सांभाळा’ असं सांगावं लागतं. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचं ‘अल्ट्रा ४५०’ हे त्याचं नाव. बुटक्या फ्रिजएवढी पेटी, खाली चाकं, आत चार प्रोसेसर बसतील एवढी जागा, आणि सगळं भरलं की वजन नव्वद किलोंच्या घरात. गंमत अशी की हीच पेटी कंपनीने ‘एंटरप्राइझ ४५०’ या नावाने सर्व्हर म्हणूनही विकली. तिथे ती बंद, थंड खोलीत राहून अनेकांची कामं एकदम करायची आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. ‘अल्ट्रा’ हे नाव लागलं की तिला पडदा, कीबोर्ड, माऊस मिळायचा आणि ती एकाच माणसाच्या टेबलाशेजारी येऊन बसायची. आचारी तोच, चुलाणही तेच. फक्त एकीकडे शंभर पानांची पंगत, तर दुसरीकडे जेवायला एकटा यजमान.

सर्व्हरच्या सामानातून घडलेली अशी युनिक्स वर्कस्टेशनं शोधणं, घरी आणणं आणि चालवणं, हा या पुस्तकाचा विषय. तिन्ही क्रियापदांत शेवटचं सगळ्यांत अवघड आहे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचंही. ही प्रस्तावना त्याच्याचसाठी आहे.

‘वर्कस्टेशन’ हा शब्द आज कुठल्याही महागड्या पीसीला लावतात. १९८०च्या सुमारास त्याच्याकडून ठरावीक अपेक्षा असायच्या. दहा लाख अक्षरं मावतील एवढी स्मृती, दहा लाख ठिपक्यांचा पडदा आणि सेकंदाला दहा लाख सूचना पाळणारा प्रोसेसर. हे सगळं एका माणसासाठी, आणि शेजारच्या यंत्रांशी जाळ्याने जोडलेलं. त्यावर चालायची युनिक्स ही कार्यप्रणाली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ती लिहायला घेतली, तीही पीडीपी-७ नावाच्या तेव्हाच जुन्या झालेल्या यंत्रावर. १९७३मध्ये तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि तिथून पुढचं सगळं घडलं. कारण त्यामुळे युनिक्स एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर नेता येऊ लागली. नवा प्रोसेसर बनवणाऱ्याला कार्यप्रणाली शून्यापासून लिहीत बसायची गरज उरली नाही.

याचा फायदा घेत कॅलिफोर्नियात एकामागून एक कंपन्या उभ्या राहिल्या. १९८२ साली सन निघाली. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, १९५५चा. बाकीचे तिघे अँडी बेक्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय. त्याच सुमारास जिम क्लार्क यांनी माउंटन व्ह्यू इथे सिलिकॉन ग्राफिक्सचा संसार मांडला. आयबीएम, एचपी आणि डेक तर आधीपासून होत्याच. पुढच्या दहा वर्षांत प्रत्येकीकडे स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची युनिक्स आली: सनचा स्पार्क आणि सोलारिस, सिलिकॉन ग्राफिक्सचा मिप्स आणि इरिक्स, आयबीएमचा पॉवर आणि एआयएक्स, एचपीचा पीए-रिस्क आणि एचपी-यूएक्स, डेकचा अल्फा. वाणी एक, बोली पाच.

आता मुद्द्याचा प्रश्न: एका माणसाच्या यंत्रात सर्व्हरचं सामान आलं कसं? पहिलं कारण हिशेबाचं. स्वतःचा प्रोसेसर, त्याच्या भोवतीच्या चिपा आणि बोर्ड बनवायला अफाट खर्च, आणि वर्कस्टेशन घेणारे मोजके. मग एकच बोर्ड दोन पेट्यांत घातला तर तो खर्च दोन गिऱ्हाइकांवर वाटला जातो. दुसरं कारण गरजेचं. मोटारीची धडक पडद्यावर घडवून पाहणारा अभियंता, जमिनीखालच्या थरांत तेल शोधणारा भूशास्त्रज्ञ, सिनेमातलं जनावर चालवणारा चित्रकार यांना नुसता वेगवान प्रोसेसर पुरायचा नाही. गिगाबाइटच्या मापात स्मृती हवी, एकावेळी अनेक डिस्कांवरून माहिती ओढता यायला हवी, आणि रात्रभर चाललेलं गणित पहाटे कोसळून चालायचं नाही. हे सगळे गुण सर्व्हरचे. म्हणून वरच्या दर्जाचं वर्कस्टेशन म्हणजे बहुधा ग्राफिक्सचा साज चढवलेला सर्व्हर असे.

सिलिकॉन ग्राफिक्सने हे सर्वांत उघडपणे केलं. १९९३ साली त्यांचा ‘चॅलेंज’ नावाचा सर्व्हर होता. त्यातच रिअॅलिटी इंजिन-२ हे ग्राफिक्स घातलं की ‘ऑनिक्स’ तयार. १९९६ला ‘ओरिजिन २०००’ आला आणि त्याच्याच पोटातून ‘ऑनिक्स-२’ निघाला. या ओरिजिनची रचना इतकी देखणी आहे की इथे जरा थांबायला हवं.

जुन्या बहुप्रोसेसर यंत्रांत सगळे प्रोसेसर एकाच सामाईक वाटेने एकाच स्मृतीकडे धावत. प्रोसेसर वाढले की वाटेवर गर्दी, आणि गर्दी झाली की नवा प्रोसेसर घालून उपयोग शून्य. ओरिजिनमध्ये ही वाटच काढून टाकली. एका बोर्डावर दोन प्रोसेसर आणि त्यांची स्वतःची स्मृती. असे अनेक बोर्ड आपसांत जोडलेले. जुना वाडा आठवा. प्रत्येक बिऱ्हाडाची स्वतःची कोठी आहे, पण कुणालाही कुणाच्याही कोठीतलं धान्य घ्यायची मुभा आहे. आपल्या कोठीतलं हाताशी मिळतं. पलीकडच्या बिऱ्हाडातलं आणायचं तर चौक ओलांडावा लागतो, थोडा वेळ जातो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वाड्याचा धान्यसाठा एकच दिसतो. कुणाच्या कोठीतल्या कुठल्या डब्याची नक्कल सध्या कुणाकडे आहे, याची नोंद ठेवायला प्रत्येक बोर्डावर ‘हब’ नावाची एक चिप असते. त्याच वर्षी सिलिकॉन ग्राफिक्सने क्रे ही महासंगणकांची कंपनी विकत घेतली होती, म्हणून या जोडणीला सुरुवातीला ‘क्रेलिंक’ असं भारदस्त नाव मिळालं. टेबलाशेजारच्या ऑनिक्स-२मध्येही बोर्ड याच पद्धतीने बोलतात. कपाटंच्या कपाटं भरणाऱ्या यंत्राचं व्याकरण इथे एका खोलीत शिकता येतं.

हीच परंपरा पुढे लहान झाली. २००२चं ‘फ्युएल’ म्हणजे ओरिजिन ३००० घराण्यातलं एकच बिऱ्हाड, स्वतंत्र खोलीत मांडलेलं: एक प्रोसेसर, जास्तीत जास्त चार गिगाबाइट स्मृती. २००३च्या ‘टेझ्रो’मध्ये ओरिजिन ३५० हा सर्व्हर उभ्या पेटीत घातलेला आहे; त्यात चार प्रोसेसर बसतात. इरिक्सवर चालणारं एकच यंत्र घ्यायचं झालं तर अनेक जाणकार याच दोहोंपैकी एकाचं नाव घेतील.

इतर कंपन्यांची उदाहरणं पुस्तकात सविस्तर आहेत, इथे नुसती हजेरी घेतो. एचपीचं २००२चं झेडएक्स ६००० म्हणजे आरएक्स २६०० हा इटॅनियम प्रोसेसरचा सर्व्हरच. रॅकमध्ये आडवा सरकवा नाहीतर उभा करून टेबलाशेजारी ठेवा. आयबीएमचं ‘इंटेलिस्टेशन पॉवर २८५’ हे पी५ ५२० या सर्व्हरचं टोपणनाव. सनची ‘ब्लेड २०००’ आणि ‘फायर २८०आर’ ही सख्खी भावंडं.

उलट दिशेनेही वाहतूक होतीच. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर नेक्स्ट कंपनीचं काळं यंत्र होतं. जगातला पहिला वेब सर्व्हर त्यावर चालायचा. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. १९९५च्या ‘टॉय स्टोरी’ची चित्रं काढायला पिक्सारने सनची ११७ स्पार्कस्टेशन-२० यंत्रं एकत्र जुंपली होती. म्हणजे सर्व्हर आणि वर्कस्टेशन या दोन जाती नव्हेतच. समोर माणूस बसला की वर्कस्टेशन, उठून गेला की सर्व्हर.

हा सगळा डोलारा पाहता पाहता कोसळला. पीसीचे प्रोसेसर दर वर्षी वेगवान होत गेले, खेळांसाठी बनलेली ग्राफिक्स कार्डं काही हजारांत मिळू लागली, आणि युनिक्सचं काम लिनक्स फुकट करू लागली. इरिक्सची शेवटची आवृत्ती ६.५.३० ऑगस्ट २००६ची. त्याच डिसेंबरात सिलिकॉन ग्राफिक्सने मिप्स यंत्रं बनवणं थांबवलं आणि २००९ला कंपनीचं दिवाळं निघालं. सनला २०१०मध्ये ओरॅकलने घेतलं. सिलिकॉन ग्राफिक्सने स्वतःसाठी बांधलेल्या इमारतींत आज गूगलचं मुख्यालय आहे, आणि त्यांच्याच आणखी एका इमारतीत संगणकाच्या इतिहासाचं संग्रहालय. दैवाने एवढा ढोबळ विनोद सहसा केलेला नसतो.

यंत्रं मात्र उरली. काही कपाटांत विसरली गेली, काही भंगारात गेली. आणि भंगारात गेलेल्या सर्व्हर बोर्डाचं मोल त्याच्या पिनांवरच्या सोन्याच्या वजनावर ठरतं. म्हणून हा छंद मुळातच वेळेशी लावलेली शर्यत आहे.

माझं म्हणणं आता मांडतो. कोकणातलं बंद घर ज्यांनी वर्षभराने उघडलं आहे त्यांना ते लगेच पटेल. कुलूप लावलेलं घर जसंच्या तसं राहत नाही. वाळवी लागते, कौल सरकतं, दार फुगतं. राहतं घर टिकतं, कारण राहणाऱ्याला गळती पहिल्या पावसात कळते. यंत्राचं तसंच. काचेमागे ठेवलेलं यंत्र सुरक्षित वाटतं. आत ते रोज थोडं थोडं मरत असतं.

सनच्या जुन्या यंत्रांचंच घ्या. त्यांच्या बोर्डावर एक छोटी चिप असते. यंत्राची ओळख, म्हणजे त्याचा जाळ्यावरचा पत्ता आणि यजमान-क्रमांक, तिच्यात साठवलेली. तिला जिवंत ठेवणारी लिथियमची बॅटरी चिपेच्या अंगातच, डोक्यावर ओतलेल्या कडक राळेत पुरलेली. बॅटरीचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. ती संपली की यंत्र उठतं, पण स्वतःचं नाव विसरलेलं असतं. तेव्हाची महागडी सॉफ्टवेअरं परवाना तपासताना हाच यजमान-क्रमांक बघायची. ओळख गेली की परवाना गेला, आणि लाखांचं सॉफ्टवेअर डिस्कवर असूनही मुकं. एका नाण्याएवढ्या बॅटरीपायी ही साखळी तुटते. उपाय पुस्तकात टप्प्याटप्प्याने दिला आहे: कानस घेऊन राळ घासायची, आतले दोन तारांचे शेंडे उघडे करायचे, तिथे नव्या बटण-सेलची धारकपेटी डागायची, आणि मग ओळख हाताने पुन्हा टंकायची. सनचे जुने पत्ते ०८:००:२० ने सुरू होतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं अर्धं काम झालं.

सर्व्हरच्या कुळाचे तोटेही आहेत, ते लपवत नाही. पंखे बंद खोलीसाठी केलेले. घरात ते मिक्सरसारखे वाजतात. ऑनिक्स-२ सतत चालू ठेवलेल्या इस्त्रीसारखी वीज खातो, त्याला जाड तारेचा स्वतंत्र पॉवर पॉइंट हवा. त्याच्या बोर्डांच्या काही जोडण्यांत पिना नसतात, सोनेरी कुंच्यासारखे अतिसूक्ष्म केस असतात. बोट लागलं तरी ते वाकतात. पडद्याची तेरा-डब्ल्यू-तीन नावाची जोडणी सनची आणि सिलिकॉन ग्राफिक्सची दिसायला एकच, आतली तारांची मांडणी वेगळी. एकाची केबल दुसऱ्याला लावून मी दोन दिवस निरोगी यंत्राला नावं ठेवत बसलो होतो. चूक शंभर टक्के माझी.

पण याच कुळाने दिलेला एक मोठा गुण आहे. सर्व्हर दुरुस्त करायचा असतो हे गृहीत धरूनच तो बांधतात. पेटी फारशा हत्यारांशिवाय उघडते. डिस्क पुढून खेचून निघते. कुठला भाग कुठे बसतो याचं चित्र झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. फ्युएल आणि टेझ्रोमध्ये तर दिंडीवरच्या रखवालदारासारखा एक वेगळा छोटा नियंत्रक असतो. भिंतीतून वीज मिळत असली की मुख्य यंत्र बंद असतानाही तो जागा असतो, पंखे, तापमान आणि व्होल्टेज मोजतो, आणि विचारलं तर सांगतो. फ्युएलमध्ये या रखवालदाराची एक शोकांतिका आहे. म्हातारपणी त्याला माहिती पुरवणारी मापनाची चिपच बिघडते, खोटे आकडे देऊ लागते, आणि रखवालदार धडधाकट यंत्राला आजारी समजून बंद करतो. तेव्हा पहारा उठवायचा, आणि पंख्यांवर हात ठेवून तपासायचं काम मालकाने स्वतःकडे घ्यायचं. ही गोष्ट यंत्र चालवणाऱ्यांमुळेच कळली. काचेमागच्या फ्युएलला कधीच काही झालेलं नसतं.

पुस्तकाचा तिसरा भाग ज्यांना तयार वर्कस्टेशन परवडत नाही त्यांच्यासाठी आहे, आणि मला तो सगळ्यांत आवडला. सनचे व्ही २४०सारखे सपाट सर्व्हर वर्कस्टेशनांपेक्षा स्वस्त मिळतात, कारण ते कुणाला प्रिय नसतात. त्यात एक्सव्हीआर-१०० हे ग्राफिक्स कार्ड बसवायचं, यूएसबी कीबोर्ड लावायचा, आणि यंत्राला दोन आज्ञांत सांगायचं की आता पडद्यावर बोल आणि कीबोर्डवरून ऐक. झालं वर्कस्टेशन. मग पीसीतलं कुठलंही कार्ड का चालत नाही? कारण सनचं यंत्र उठताना कार्डाच्या स्वतःच्या चिपेतला फोर्थ भाषेतला छोटा कार्यक्रम वाचतं. पीसीच्या कार्डात तो नसतो; दोघांना एकमेकांची भाषाच कळत नाही. त्याच फोर्थमध्ये सनचा सुरुवातीचा संवाद चालतो. यंत्र स्वतःची तपासणी करतं आणि सगळं ठीक असलं की फक्त दोन अक्षरं लिहून थांबतं: ओके.

आपल्याकडचा या कुळाशी संबंध कागदोपत्री नाही, खराखुरा आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ साली जो ‘परम १००००’ महासंगणक केला, त्याची प्रत्येक गाठ म्हणजे सनचा एंटरप्राइझ २५० सर्व्हर होता, दोन अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसरांचा. अल्ट्रा ४५०मध्ये त्याच घराण्याचे प्रोसेसर आहेत. असे १६० प्रोसेसर जोडले की सेकंदाला सुमारे शंभर अब्ज गणितं होत. आज खिशातला फोन त्याहून वेगवान आहे, हे खरं. पण ते गणित कसं वाटलं जायचं हे फोन उघडून दिसत नाही. अल्ट्रा ४५०ची बाजू काढली की प्रोसेसर कुठे, स्मृती कुठे, वाट कुठली, हे बोटाने दाखवता येतं.

कुणी म्हणेल, यातलं जिवंत काय उरलं? बरंच. सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस ही फाइल साठवायची पद्धत आज असंख्य लिनक्स सर्व्हरांवर आहे. ओपनजीएल त्यांच्याच ग्राफिक्स लायब्ररीतून निघालं. जाळ्यावरून फाइल वाचायची एनएफएस ही रीत सनची, १९८४ची. आजच्या यंत्रांत या गोष्टी भिंतीत चिणलेल्या नळांसारख्या दिसेनाशा झाल्या आहेत. जुन्या यंत्रात त्या उघड्यावर आहेत, आणि कुठला नळ कुठून आला ते माग काढत जाता येतं.

नवख्याला माझा सल्ला: पहिलं यंत्र ऑनिक्स-२ घेऊ नका. एकट्याने उचलता येईल असं काहीतरी घ्या. आणल्यावर लगेच वीज देऊ नका. आधी उघडा, धूळ काढा, फुगलेले कॅपॅसिटर बघा. हार्डडिस्क फिरते आहे तोवर तिची नक्कल करून ठेवा, मग तिच्या जागी मेमरी कार्डावर चालणारा स्कझी जोडणीचा पर्याय बसवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आणि काहीही झालं तरी महिन्यातून एकदा यंत्र सुरू करा. संग्रह किती मोठा आहे हे यंत्रं मोजून ठरत नाही. त्यातली किती या महिन्यात उठून बसली, ते विचारावं.

माझ्याकडे हा मान पहिल्या रविवारचा. कळ दाबली की आधी पंखे पूर्ण ताकदीने ओरडतात, घरातले दार लावून घेतात, मग आवाज बसतो आणि तपासणी सुरू होते. स्मृती मोजायला यंत्राला बराच वेळ लागतो. तेवढ्यात मी चहा टाकतो. कप घेऊन परत येतो तेव्हा बहुतेक वेळा पडद्यावर ती दोन अक्षरं आलेली असतात. ज्या महिन्यात येत नाहीत, त्या महिन्यात चहा गार होतो आणि मी काहीतरी नवं शिकतो. हे पुस्तक अशा गार झालेल्या चहांचं आहे.